बोंडले, बाटली आणि दुधाची ऊब



या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय घ्यावा, असे शाळेने कळविले, तेव्हा देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीविषयी अथवा धारच्या पवारांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा झाली असेल तर ती स्वाभाविक आहे. त्या इतिहासावर अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका मूठभर वस्तूचा इतिहास सांगणार आहे. तान्ह्या मुलाला वरचे दूध पाजण्याचे भांडे, ही ती वस्तू. जे दूध आईच्या अंगावरून थेट मुलाच्या मुखात जाते, त्याला भांडे लागत नाही आणि ते तापवावेही लागत नाही. आई आणि मूल यांच्यामध्ये अंतर पडले, मग ते मृत्यूने पडो, आजाराने पडो की पोटाच्या उद्योगाने पडो, की दूध वाहून न्यावे लागते आणि ते ऊन ठेवण्याचा प्रश्न उभा राहतो. दूध वाहून नेणारी आणि त्याची उष्णता सांभाळणारी बाटली घडविण्याचे प्रयत्न आज देशोदेशी चालू आहेत. हा खटाटोप दिसतो तितका नवा नाही.

भाषेच्या अभ्यासकाने शब्दांपासून आरंभ करावा, हे बरे. मराठीत दुधाच्या उष्णतेचे शब्द किती बारकाईने घडलेले आहेत, ते पाहावे. न तापविलेले ते निरसे दूध. आचळातून निघताच गाईच्या अंगची ऊब घेऊन येणारे ते धारोष्ण. तापवून खाली उतरविलेले ते ऊन, आणि बोटाला लागेल न लागेल अशा बेताने निवलेले ते कोमट. हे शब्द स्वयंपाकघरात घडले, आणि प्रत्येकामागे एक निर्णय उभा आहे: हे दूध आता कोणाला द्यावयाचे, किती वेळात द्यावयाचे, आणि ठेवावयाचे की नाही. थर्मामीटर घरात येण्यापूर्वी कोमट हा शब्दच तापमानाचे माप होता.

भांड्याचा शब्द बोंडले. कापसाचे बोंड आणि स्तनाचे बोंड या दोन्ही अर्थांच्या कुळातला हा शब्द दिसतो. लहानशी उथळ वाटी, तिला एका अंगाने काढलेली चोच, आणि त्या चोचीतून थेंबथेंब ओतावयाचे दूध, इतकेच त्याचे रूप. दक्षिणेत तमिळ घरांतून याच घडणीच्या भांड्याला पालाडै म्हणतात, बंगालात झिनुक. आपल्याकडे ऐपतीप्रमाणे ते पितळेचे, काशाचे किंवा चांदीचे असे. मुलाच्या बारशाला आजोळाहून चांदीचे बोंडले येणे हा मानाचा भाग होता. चांदीच्या हौसेत मान होता, यात शंका नाही. पण त्या धातूत एक गुणही होता. उष्णता वाहून नेण्यात चांदी सर्व धातूंत श्रेष्ठ आहे. काचेच्या मानाने तिची ही शक्ती सुमारे चारशेपट आहे. चांदीच्या वाटीत अधिक ऊन दूध ओतले तर धरणाऱ्या हाताला ते तत्क्षणी कळते, आणि मुलाच्या ओठापर्यंत जाण्यापूर्वी हात थबकतो. काच आणि प्लास्टिक हे वर्तमान उशिरा देतात. म्हणूनच बाटली हाती घेतलेल्या आईला मनगटावर थेंब टाकून पाहावा लागतो. बोंडले धरणारीला तितकेही करावे लागत नसे.

बोंडल्याचा दुसरा गुण असा की, त्यात दूध साठविता येत नाही. ते उघडे, उथळ आणि कललेले. एका वेळेचे दूध एका बैठकीत संपवावे लागते आणि उरले तर ते भांड्यात राहू शकत नाही. आतला प्रत्येक कोपरा बोटाने घासता येतो. राखेने घासून उकळत्या पाण्याने विसळले की झाले. हे भांडे कोणी विचारपूर्वक योजिले, असे म्हणण्याला आधार नाही. परंतु पुढे युरोपात काय घडले ते पाहिले म्हणजे या उणिवांची किंमत कळते.

आयुर्वेदाने दुधाच्या उष्णतेचा विचार फार पूर्वी केला. आईचे दूध नसेल आणि दाईही नसेल, तर मुलाला शेळीचे किंवा तशाच गुणाचे गाईचे दूध द्यावे, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तर जनावरागणिक उष्णता ठरवून दिली: गाईचे दूध धारोष्ण चांगले, म्हशीचे धार काढून निवलेले, मेंढीचे तापवून ऊन असताना, आणि शेळीचे तापवून गार केलेले. यातील धारोष्णाचा पुरस्कार आज कोणीही वैद्यकदृष्ट्या मान्य करणार नाही, कारण निरशा दुधातून क्षय आणि इतर रोग माणसाकडे येतात, हे आता सिद्ध आहे. पण शेळीच्या दुधाविषयीचा निर्णय, म्हणजे आधी पुरते तापवा आणि मग निववा, हा आधुनिक विज्ञानाच्या अगदी जवळ आहे.

वाग्भटाने दाईचा पर्याय आधी सांगितला आहे, हे लक्षात घ्यावे. दूध योग्य उष्णतेवर राखणारे आणि स्वतःच्या पायांनी मुलाकडे येणारे पहिले साधन म्हणजे दाई, असे मी थोड्या विनोदाने म्हणतो. छत्रपती संभाजी महाराजांना आईचे दूध पुरेनासे झाले, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने त्यांना अंगावर पाजले, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. हिरकणीची कथाही याच विषयाची आहे, पण आपण ती धाडसाची कथा म्हणून सांगतो. रायगडावर दूध विकावयास गेलेली ती गवळण दरवाजे बंद झाल्यावर कडा उतरून गेली, ते घरी तान्हे मूल भुकेले होते म्हणून. दिवसभर तिने दूधच विकले होते, आणि तिच्या मुलासाठी मात्र ते गडाखाली पोहोचविण्याचा दुसरा मार्ग नव्हता. कथा म्हणून ती खरी मानावी की न मानावी, हा वेगळा प्रश्न. तिच्यात सांगितलेला पेच खरा आहे.

आता युरोपकडे वळू. तिकडेही आरंभ चोचीच्या भांड्यापासूनच झाला. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात मुलांच्या प्राचीन थडग्यांत सापडलेल्या मातीच्या लहान चोचदार भांड्यांत गाई-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश आहेत, असे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. ती भांडी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. अठराव्या शतकात रात्री मुलाचे खाद्य ऊन ठेवण्यासाठी खाली तेलाचा दिवा आणि वर चिनी मातीचे भांडे, अशी जोडसाधने श्रीमंत घरांतून आली. फ्रेंचांनी त्यांना दिलेल्या नावात रात्रीच्या जागरणाचा अर्थ आहे. रात्रभर मंद उबेत ठेवलेल्या त्या खाद्यात काय वाढत होते, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

१८४५ मध्ये अमेरिकेत इलायजा प्रॅट याने रबरी निपलचे पेटंट घेतले. काचेची बाटली आणि रबर यांची जोडी जमली आणि त्यातून इंग्लंडात एक अजब वस्तू घराघरांत पोहोचली. चपट्या काचेच्या बाटलीतून एक लांब रबरी नळी बाहेर येत असे आणि तिच्या टोकाला निपल. बाटली मुलाच्या अंथरुणात ठेवावी, नळी त्याच्या तोंडात द्यावी आणि आईने आपल्या कामाला लागावे. मूल दिवसभर हवे तेव्हा चोखी आणि अंगाच्या उबेने दूधही ऊनसर राही. सोय म्हणून पाहिले तर याहून सोयीची वस्तू झाली नाही. ती नळी मात्र आतून धुता येत नसे. १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थाग्रंथात तर निपल काही आठवडे काढण्याचीही आवश्यकता नाही, असा सल्ला होता. मुले जुलाबांनी दगावू लागली आणि डॉक्टरांनी त्या बाटलीला खुनी बाटली म्हणण्यास आरंभ केला. तरीही ती पुढे कित्येक वर्षे विकली जात होती. फ्रान्सने १९१० मध्ये नळीच्या बाटल्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली, हे त्या देशाला भूषणावह आहे. इंग्रजांनी ते तितक्या तत्परतेने केले नाही.

खुनी बाटलीचे रहस्य उष्णतेत होते. रोगजंतूंना अनुकूल अशी उष्णता म्हणजे साधारण आपल्या अंगाची, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासची. अशा उबेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. आठवीतल्या मुलांनी हिशोब करून पाहावा: एका जंतूचे चार तासांत चार हजारांवर जंतू होतात. म्हणजे बाळाला जी उष्णता सुखाची, तीच जंतूंना सुखाची. या विषयातला सारा पेच या एका गोष्टीत आहे. दूध पितेवेळी कोमट हवे. पण ते कोमट ठेवणे हाच सर्वांत मोठा धोका.

म्यूनिकचे रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फोन सॉक्सलेट यांनी १८८६ मध्ये एकेका वेळचे दूध निरनिराळ्या लहान बाटल्यांत भरून, त्या बाटल्याच पाण्यात तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत सांगितली. १८९३ पासून न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने गरिबांच्या मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील फेकाँ येथे डॉ. लेआँ द्युफूर यांनी तसेच केंद्र सुरू केले. आधी तापवा, मग झटकन निववा, आणि पाजण्याच्या वेळी पुन्हा कोमट करा, हा क्रम तेथे पक्का झाला. जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये निर्वात कुपी केली आणि १९०४ मध्ये जर्मनीत तिचा थर्मास झाला, तेव्हा प्रवासात मुलाचे ऊन दूध बरोबर नेता येईल, असा आनंद पुष्कळांना झाला असणार. पण थर्मास उष्णता निर्माण करीत नाही आणि नाहीशीही करीत नाही. तो जे दिले ते राखतो. त्यात उकळते पाणी ठेवले तर तो उपकारक. त्यात कोमट दूध ठेवले तर तो जंतूंचा पाळणा होतो. गेल्या शंभर वर्षांत बाटल्यांचे जे प्रकार निघाले, त्यांची परीक्षा याच कसोटीवर करता येते.

हे सारे परदेशातले झाले. त्याच काळात आमच्याकडे मुंबईच्या गिरण्यांत हजारो मराठी स्त्रिया दिवसाचे दहा-दहा तास काम करीत होत्या आणि त्यांची तान्ही मुले चाळीतल्या खोलीत पडून असत. त्यांना कोण काय पाजत होते? मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. गिरणीकामगार स्त्रियांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाळागोळी हे तिचे गोड नाव. गोळी दिली की मूल झोपते, रडत नाही, दूध मागत नाही. इंग्लंडच्या कामकरी आईच्या हाती नळीची बाटली आली. आमच्या आईच्या हाती अफूची गोळी. अफू हा शब्द माळव्याला परका नाही. याच काळ्या जमिनीत पिकणारी अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्यावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. शेतात जाणारी आई मुलाला बोटभर अफू चाटवी, हे माळव्यातल्या जुन्या माणसांना सांगावयास नको. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू झाले. बाळंतपण गावी आणि मृत्यू शहरात, यामुळे हा आकडा फुगलेला आहे, हे मान्य केले तरी त्याची भीषणता उरतेच.

या दुःखावर औषध म्हणून कोणी चांगली बाटली शोधली नाही, तर कायदा शोधला. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले. त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि १९२९ मध्ये ते संमत झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघरे सांगितली. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या दिल्या आणि २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची केली. माझ्या मते बाटलीच्या इतिहासात या चार वर्षांना कोणत्याही पेटंटाइतकेच स्थान आहे, कारण त्यांनी आई आणि मूल यांच्यामधले अंतरच कमी केले. शेतमजुरीवर जाणाऱ्या स्त्रीपर्यंत मात्र यातले फारसे काही पोहोचले नाही. सोयाबीनच्या कापणीला बागलीच्या शिवारात बाभळीला टांगलेली झोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

भुकटीच्या दुधाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो परिचित आहे. स्वित्झर्लंडमध्ये आंरी नेस्ले यांनी १८६७ मध्ये बालकांसाठी दूध-पिठाचे मिश्रण काढले. आपल्याकडे म्हशीच्या दुधापासून बालकांचे खाद्य करण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेने बसविली आणि आणंदच्या अमूलने ते बाजारात आणले. म्हशीचे दूध यासाठी चालणारच नाही, असे पाश्चात्य तज्ज्ञ म्हणत असताना हे घडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण भुकटीचा डबा जेथे पोहोचला तेथे स्वच्छ पाणी आणि जळण पोहोचलेच, असे नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात या व्यापाराला हत्या हा शब्द लावला. १९७४ मध्ये इंग्लंडात त्यावर गाजलेली पुस्तिका निघाली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीची आचारसंहिता संमत केली. भारतीय संसदेने १९९२ मध्ये भुकटी आणि बाटली या दोहोंच्या जाहिरातीला बंदी करणारा कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९९१ मध्ये, स्तनपानाचा पुरस्कार करणारी अखिल भारतीय संस्था वर्धा येथे स्थापन झाली. डब्यावर गुबगुबीत मुलाचे चित्र आता नसते, ते या कायद्यामुळे.

दूध वाहून नेण्याचा आणि त्याची उष्णता सांभाळण्याचा सर्वांत उत्तम प्रयोग मात्र बाटलीच्या कारखान्यात झाला नाही. तो मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात झाला. तेथे नवजात बालकांच्या विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांचे मूल, ज्याच्या आईला दूध उतरलेले नाही किंवा जिची प्रकृती बिघडलेली आहे, त्याला दुसऱ्या आईचे दूध द्यावयाचे. म्हणजे धाराऊच, पण धाराऊ आणि मूल यांची भेट होत नाही. देणाऱ्या आईची तपासणी होते. तिचे दूध निर्जंतुक भांड्यात घेतात, ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवितात, लगेच निववितात, जंतुपरीक्षा करून उणे २० अंशांवर गोठवितात आणि लागेल तेव्हा वितळवून कोमट करून पाजतात. या क्रमात दूध अंगच्या उबेवर किती वेळ असते? पिण्याच्या क्षणापुरते. बाकी सर्व वेळ ते एक तर जंतूंना असह्य होईल इतके ऊन, अथवा त्यांची वाढ थांबेल इतके थंड असते. वाग्भटाची दाई आणि सॉक्सलेटची बाटली यांचा असा संगम एका महानगरपालिकेच्या रुग्णालयात, गरिबांच्या मुलांसाठी व्हावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला चार ओळी मिळावयास हव्यात.

या प्रकाशात आजच्या बाटल्यांकडे पाहावे. विजेरीवर चालणाऱ्या, दूध ठरावीक अंशांवर तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या बाटल्या आणि पिशव्या बाजारात आहेत. त्यांच्या जाहिरातीत ज्याला गुण म्हटले आहे, तोच त्यांचा दोष आहे. रंग बदलून दूध फार ऊन असल्याची सूचना देणाऱ्या वस्तू आहेत. त्या चांदीच्या बोंडल्याचे काम करतात, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडात निघालेल्या एका बाटलीची योजना मात्र मला विचाराची वाटते. तिच्यात सोडियम ॲसिटेट या क्षाराचे द्रावण असलेली एक डबी असते. कळ दाबली की द्रावण गोठते आणि गोठताना उष्णता देते. दूध गारच राहते; मूल चोखू लागले की ते डबीवरून वाहताना कोमट होते. म्हणजे दूध आणि उष्णता यांची गाठ शेवटच्या क्षणी पडते. तिच्या खाचा नीट धुतल्या जातात की नाही, हा प्रश्न नळीच्या बाटलीपासून चालत आलेला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. प्लास्टिकचीही एक गोष्ट आहे. पॉलिकार्बोनेटच्या बाटलीत ऊन दूध घातले की त्यातून बिस्फेनॉल नावाचे द्रव्य अधिक सुटते. युरोपीय संघाने २०११ मध्ये तान्ह्यांसाठी अशा बाटल्या बंद केल्या आणि भारतीय मानकांतूनही पुढे ते प्लास्टिक वगळले गेले.

प्रवासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेली सूचना साधी आहे. भुकटी स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून ती निदान ७० अंश ऊन पाण्यात कालवावी, भांडे गार पाण्यात धरून झटकन निववावी आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे. बाहेर जाताना थर्मासात ऊन पाणी आणि डबीत कोरडी भुकटी वेगवेगळी न्यावी. यासाठी विजेरी लागत नाही. थर्मास आणि स्वच्छ डबी पुरते. गार केलेले दूध पुन्हा कोमट करावयाचे तर पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ ते उबेत ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर ते ठेवूच नये, कारण बाटली बाहेरून गार लागते आणि आत एखादा भाग जीभ भाजण्याइतका ऊन असतो.

आणि बोंडल्याचे काय झाले? चांदीचे बोंडले सराफाच्या दुकानात मखमली पेटीत दिसते. बारशाला ते येते आणि कपाटात जाते. पण अपुऱ्या वजनाच्या मुलांना अंगावर ओढता येत नसेल तर बाटली न वापरता वाटीने, चमच्याने किंवा पालाडैने पाजावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली, आणि आपल्या रुग्णालयांतील नवजात विभागांत आज परिचारिकेच्या हाती जे स्टीलचे चोचदार भांडे दिसते, ते घडणीने बोंडलेच आहे. चांदीच्या मानाने स्टील उष्णता पुष्कळ मंद वाहते, एवढा फरक. म्हणून तेथेही थेंब मनगटावर टाकून पाहतात.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. काली सिंधच्या उगमाजवळच्या या गावात मराठी, माळवी, हिंदी, भिली आणि कोरकू बोलणारी घरे एका हाकेच्या अंतरावर आहेत. येत्या रविवारी आपल्या आजीला विचारावे की, तान्ह्याला वरचे दूध पाजण्याचे भांडे तुमच्या घरात कोणते होते, त्याला काय म्हणत, ते कशाचे होते, आणि दूध बेताचे ऊन झाले हे कशावरून ओळखत. मिळालेला शब्द, सांगणारीचे गाव आणि भांड्याचे पेन्सिलीने काढलेले चित्र वहीत नोंदवून शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. कोणाच्या घरी जुने भांडे असेल तर ते मागू नये. त्याची उंची आणि चोचीची लांबी तेवढी मोजून आणावी.